पॅरिसमधला वांदोम स्तंभ चित्रकार कूर्बेनेच पाडला होता का?

नाही, स्तंभ पाडण्याचा निर्णय गुस्ताव कूर्बेचा नव्हता, पॅरिस कम्यूनचा, म्हणजे १८७१ मध्ये काही आठवडे शहर ताब्यात ठेवणाऱ्या बंडखोर सरकारचा होता. तारखाच पाहा ना: हुकूम निघाला १२ एप्रिल १८७१ ला, कूर्बे कम्यूनवर निवडून आला १६ एप्रिलच्या पोटनिवडणुकीत आणि स्तंभ कोसळला १६ मे रोजी. पण तो अगदीच नामानिराळा होता असंही नाही. सप्टेंबर १८७० मध्ये, कम्यूनच्या कितीतरी आधी, नेपोलियनच्या लढायांचा गौरव करणारा हा स्तंभ उतरवून घ्यावा, असा अर्ज त्याने स्वतःच सरकारकडे केला होता. उतरवणं वेगळं, आडवा पाडणं वेगळं. पण तोच अर्ज पुढे त्याच्या मानगुटीवर बसला. शिवाय 'दगड फोडणारे'सारखी मजुरांची चित्रं काढणारा, १८७० मध्येच 'लेजियाँ द'ऑनर' हा सरकारी किताब नाकारणारा माणूस. दोष द्यायला सोयीचाच, असं माझं मत. कम्यून चिरडल्यावर लष्करी न्यायालयाने त्याला सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड सुनावला. खरा घाव बसला १८७३ मध्ये: स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च नव्या सरकारने त्याच्या माथी मारला. तो स्वित्झर्लंडला निघून गेला. १८७७ मध्ये रक्कम ठरली ३,२३,०९१ फ्रँक (वर ६८ सांतीम, हिशेब चोख!), वर्षाला १०,००० च्या हप्त्याने. पहिला हप्ता भरण्याआधीच, ३१ डिसेंबर १८७७ ला तो वारला.