नाटोची ‘वर्गणी’ थकते का?

प्रश्न असा आला आहे : ‘नाटोच्या सदस्य देशांनी वर्गणी थकवली, ट्रम्प यांचा इशारा’ अशा धाटणीची वाक्यं मराठी बातम्यांत सर्रास दिसतात. यातले ‘वर्गणी’ आणि ‘थकबाकी’ हे शब्द बरोबर आहेत का? आणि थेट ‘चौथाई’ म्हटलं तर?

वर्गणी म्हटली की सामाईक पेटी आली, पावतीपुस्तक आलं. नाटोला, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीला, अशी पेटी आहे. ब्रुसेल्सच्या मुख्यालयाचा आणि सामाईक यंत्रणांचा खर्च तिच्यातून भागतो. पण सदस्यांच्या एकूण संरक्षणखर्चापुढे ही रक्कम अगदीच चिमूटभर. तिच्यात अमेरिकेचा वाटा सुमारे २२ टक्के होता. २०२१पासून तो सुमारे १६ टक्के, म्हणजे जर्मनीइतकाच झाला.

खरा वाद दोन टक्क्यांचा. २०१४च्या वेल्स परिषदेत ठरलं की, प्रत्येक देशाने आपल्या जीडीपीच्या दोन टक्के रक्कम स्वतःच्या संरक्षणावर खर्च करावी. जे मागे होते त्यांनी ‘दहा वर्षांत त्या दिशेने सरकण्याचा प्रयत्न’ करायचा होता. किती सैल क्रियापदं आहेत पाहा! हा पैसा नाटोच्या खात्यात जात नाही, अमेरिकेच्या तर नाहीच नाही. एखाद्याने आपल्या फ्लॅटला तकलादू कुलूप लावलं तर सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरतील, पण थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव घालणार नाहीत.

ट्रम्प यांनी नेमकं तेच केलं. मार्च २०१७मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल वॉशिंग्टनला जाऊन आल्या आणि दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्वीट केलं की, जर्मनी नाटोचं प्रचंड देणं लागतो. जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायन यांनी उत्तर दिलं, नाटोत असं कर्जखातंच नाही.

तक्रार मात्र खोटी नव्हती. २०१४ साली दोन टक्क्यांची रेघ ओलांडणारे देश तीनच होते : अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस. ओबामांच्या काळातही हीच कुरकुर होती. फरक शब्दाने पडला. ‘खर्च वाढवा’ ही मित्राची विनंती असते, ‘देणं फेडा’ हा सावकाराचा तगादा. आणि देणं थकलं की सेवा तोडता येते. मे २०१७मध्ये ब्रुसेल्सला कलम पाचच्या स्मारकासमोर उभं राहून ट्रम्प पैशांबद्दल बोलले, त्या कलमाशी बांधील आहोत असं काही म्हणाले नाहीत. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला, हे ते कलम. आजवर ते एकदाच लागू झालं, तेही ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर, अमेरिकेसाठी. त्यात थकबाकीची अट कुठेही नाही. बातमीत आपण बिनदिक्कत ‘थकबाकी’ लिहितो, तेव्हा ती अट वाचकाच्या मनात आपणच घालतो.

मग लिहावं काय? ‘ठरलेला संरक्षणखर्च केला नाही’ हे सरळ आणि बिनचूक. थोडी धार हवी तर ‘हात आखडता घेतला’, ‘चालढकल केली’. शब्द ट्रम्प यांचाच द्यायचा असेल तर अवतरणचिन्हांत ‘थकबाकी’ लिहा आणि त्यांच्या तोंडी ठेवा. (खरीखुरी वर्गणी आणि खरीखुरी थकबाकी पाहायची असेल, तर संयुक्त राष्ट्रांकडे बघा. तिथल्या बड्या थकबाकीदारांत अमेरिकाच आहे.)

राहिली ‘चौथाई’. टोमणा म्हणून झकास, अग्रलेखात शोभेल. पण चौथाई वसूल करणाऱ्याच्या पदरात पडत असे. २०२५च्या हेग परिषदेत उद्दिष्ट २०३५पर्यंत पाच टक्क्यांवर गेलं, तरी त्यातही पैसा ज्याचा त्याच्याच तिजोरीतून ज्याच्या त्याच्याच कामावर जायचा आहे. युक्रेनला द्यायची अमेरिकी शस्त्रं युरोपीय देश २०२५पासून आपल्या पैशाने घेऊ लागले, तो पैसा मात्र खरोखर अमेरिकेकडे जातो. पण त्याला मराठीत साधा शब्द आहे : खरेदी.