इंग्लंडात घरी बांधलेल्या गाडीला नंबर: आधी फाइल, मग चासिस

राम राम भाऊ,

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. जळगाव एमआयडीसीत मामांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तू जुन्या मारुती ८०० चं इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग काढून दोन सीटांची उघडी गाडी बांधलीस. पाइपची चासिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, तुझी स्वतःची. गाडी चालते झकास, पण तिचं पासिंग होत नाही. आता इंग्लंडात कॉव्हेंट्रीकडे नोकरीचं जमत आलंय. तर ही गाडी सोबत आणता येईल का? नाहीतर इकडे नवी बांधून तिला नंबर मिळेल का? आणि लोक सांगतात तितकं ते सोपं आहे का?

ती गाडी आणू नकोस. नवी बांधता येईल आणि नंबरही मिळेल. सोपं मात्र नाही. वेल्डिंग तुला येतं, त्यामुळे तिथे तू अडणार नाहीस. माणसं अडतात ती कागदांपाशी, म्हणून मी जास्त त्यावरच लिहितो.

मी मूळचा धुळ्याचा. आग्रा रोडवरच्या ट्रक गॅरेजांत उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवलेला माणूस. आता बरीच वर्षं इंग्लंडातल्या मिडलँड्स भागात आहे. माझदा एमएक्स-५ चे भाग आणि विकत घेतलेली चासिस यांची गाडी मी इथे बांधली, तिला नंबर मिळाला, आणि रविवारी मी ती चालवतो. मी बांधायचं म्हटल्यावर गॅरेजवाले काका फोनवर एवढंच बोलले होते, "गाडी ते बनी जाई, पन कागदस्नं काय?" सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे.

पहिल्यांदा जळगावच्या गाडीचं. परदेशातून कायमचं राहायला येणाऱ्याला आपली गाडी करमाफीत आणता येते, पण ती किमान सहा महिने तुझ्या मालकीची आणि वापरातली होती हे दाखवावं लागतं. तुझ्याकडे आरसी नाही, विमा नाही, मग दाखवणार काय? करमाफी सोडून दिलीस तरी इकडे आल्यावर तिला तीच टेस्ट द्यावी लागेल जी नव्या गाडीला द्यावी लागते, आणि इंजिनाच्या वयापासून सगळं कागदावर सिद्ध करावं लागेल. जहाजाचं भाडं भरून हे करण्यात काही अर्थ नाही.

निघण्याआधी तिकडेच पुन्हा एकदा प्रयत्न करू का, असंही तू विचारलंयस. नियम बघ. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे फॉर्म २० ला, विक्रीचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा फॉर्म २२ लागतो. हा फॉर्म २२ उत्पादक देतो. उत्पादकाला नियम १२६ प्रमाणे आपल्या मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी ही वाट बरोबर आहे. एकच गाडी बांधणाऱ्या माणसासाठी वेगळी खिडकीच नाही. मारुतीची आरसी आहे, तिच्यावरच नवी बॉडी दाखवू, हा मार्गही बंद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलात बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची गोष्ट तुला आठवत असेल. भंगारातले भाग जोडून त्याने किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी लिहिलं की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या थांबवली जाईल. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्याला बोलेरो मिळाली. त्या माणसाचा मान झाला याचा मला आनंद आहे. पण त्याच्या गाडीची तपासणी करून ‘हे हे दुरुस्त कर, मग नंबर देतो’ असं सांगणारं कुणीच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. सेंधव्याच्या पुढे पिथमपूरला गाड्या तपासणाऱ्या नॅट्रॅक्स संस्थेचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी तू तिथे जाऊनही आलायस. आपली पोरं तिथे गाडी पळवतात आणि परत येताना टेम्पोत टाकून आणतात. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक वाट निघायला हवी असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडात ती वाट आहे, कारण इथे घरी गाडी बांधण्याची चाल जुनी आहे. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत मिळायची, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नसे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, पण बांधणारे राहिले. आज अशा एकेका गाडीची जी तपासणी होते तिला आयव्हीए म्हणतात. २००९ पासून ती जुन्या एसव्हीए टेस्टच्या जागी आली.

आता नीट लक्ष दे. इथे दोन वेगळी खाती आहेत. तपासणी करतं डीव्हीएसए. नोंदणी करतं डीव्हीएलए, वेल्समधल्या स्वान्सी गावातून. पहिलं खातं लोखंड बघतं, दुसरं कागद. टेस्ट पास झाली की बांधणाऱ्याला वाटतं, झालं. प्रत्यक्षात हातात फक्त मंजुरीचं प्रमाणपत्र असतं. ते, नोंदणीचा अर्ज, गाडी कशाकशापासून बांधली याचा व्ही६२७/१ हा फॉर्म, बिलं, फोटो, विमा, रस्ता कर आणि पहिल्या नोंदणीचे ५५ पौंड, हे सगळं पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. पूर्वी गावोगाव स्थानिक कार्यालयं होती, तिथे समोर बसून बोलता यायचं. ती २०१३ च्या अखेरीपर्यंत बंद झाली. आता सगळा व्यवहार टपालाने. एखादा कागद कमी पडला तर पत्र येतं, तू उत्तर पाठवतोस, ते दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर पोचतं. तोवर गाडी तयार, टेस्ट पास, पण रस्त्यावर काढता येत नाही. उन्हाळा इथे आधीच छोटा, त्यातला मोठा तुकडा असा जातो. हा मनस्ताप कुणालाच पूर्ण चुकत नाही. कमी मात्र करता येतो, आणि ते काम चासिसचा पहिला पाइप कापायच्या आधी सुरू करायचं असतं.

म्हणून माझा सगळ्यात मोठा आग्रह: जे जुने भाग वापरशील ते एकाच गाडीतून घे. आपल्याकडची रीत अशी की इंजिन एका भंगारवाल्याकडून, ॲक्सल दुसऱ्याकडून, जे बसेल ते बसवायचं. इथे ते महागात पडतं. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, विकणाऱ्या कंपनीच्या नव्या चासिसला एकाच जुन्या गाडीचे किमान दोन मुख्य भाग असतील आणि तसा पुरावा असेल, तर तुझ्या गाडीला त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो. सगळे भाग नवे असतील, फार तर एक दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, तर चालू वर्षाचा. आणि वय किंवा मूळ काहीच पटवता आलं नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर येतो. क्यू नंबरची गाडीही कायदेशीरच, त्यात कमीपणा नाही. पण त्यावर हौसेचा नंबर चढवता येत नाही, आणि विकायला काढलीस तर घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो. तुझ्या हाताचं काम कितीही चांगलं असो, नंबरप्लेट ते सांगत नाही.

जुनी गाडी घेताना तिचं व्ही५सी, म्हणजे आपल्या आरसीसारखा कागद, तुझ्या नावावर करून घे आणि जपून ठेव. गाडी मोडायच्या आधी तिचा चासिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे फोटो काढ. मग उतरवलेल्या प्रत्येक मोठ्या भागाचा, आणि तोच भाग नव्या चासिसवर बसतानाचा. फोटोत दोन्ही ओळखता आले पाहिजेत. धूर किती चालेल हे इंजिनाच्या वयावर ठरतं, तेव्हा ते वय सिद्ध करणारा कागद आधीच मिळवून ठेव. आणि बिलं! वापरलेला भाग रोखीने घेतलास तरी विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, तारीख, भागाचा नंबर लिहिलेली सही घे. मला एका विक्रेत्याने असा कागद द्यायला टाळाटाळ केली. मी तो डिफरन्शियल तिथेच ठेवून निघालो, माल चांगला होता तरी.

टेस्टचं म्हणशील तर ती कडक आहे, पण न्याय्य आहे. कशाला किती माप हवं ते आधीच छापलेलं असतं. माझ्या ओळखीतल्या एका नाशिककराच्या गाडीबरोबर मी गेलो होतो. तपासनिसाच्या हातात १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा होता. बाहेरून तो जिथे जिथे टेकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर गोलाईची हवी, म्हणजे कुणाला धडक बसली तर चिरणार नाही. पुढच्या सस्पेन्शनच्या एका बोल्टचे आटे नटाच्या जरा बाहेर आले होते. गोळा फिरत फिरत तिथे टेकला, त्याने खाली बसून गेज लावला, मान हलवली आणि लिहून घेतलं. ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे अँकर सगळं पास, आणि गाडी अडली त्या बोल्टवर. प्लास्टिकची टोपी बसवून पुन्हा तारीख घ्यावी लागली. तुझी गाडी उघड्या चाकांची असेल, तेव्हा प्रत्येक नटावर हात फिरवून बघ. डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या कडांवर रबरी पट्टी चढव.

उघड्या हलक्या गाड्या आणखी एका ठिकाणी अडतात. वळणावर स्टिअरिंग सोडलं की ते आपण होऊन सरळ यायला हवं. चासिस तू स्वतः आखणार असशील तर कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकाव, पुरेसा ठेव, नंतर पाइप कापून वाढवणं जिवावर येतं. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक व्हायला हवीत. आवाज ९९ डेसिबलच्या आत. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. टेस्टच्या आधी रस्त्यावर चालवून बघता येत नाही. विमा असेल तर ठरलेल्या टेस्टला मात्र चालवत नेता येते. नंबर नसताना विमा चासिस नंबरवर निघतो, आणि तो देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत.

तुझं वय आणि लायसन्स यांचाही विचार कर. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं. पुढे इथलं लायसन्स हवं, आणि भारताचं लायसन्स बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नव्या लायसन्सवर घरी बांधलेल्या गाडीचा विमा फार महाग पडतो. म्हणून पहिलं वर्ष साधी गाडी, परीक्षा आणि जागेची शोधाशोध. भाड्याच्या घरात वेल्डिंगला घरमालक हो म्हणणार नाही. शहराबाहेर शेतकऱ्यांची जुनी शेडं भाड्याने मिळतात, वीज आणि कुलूप आहे का ते आधी बघून घे.

अमेरिकेतली एक ऑफरही तू विचारात घेतोयस म्हणून तिकडचं थोडं. तिथे प्रत्येक राज्याचा नियम निराळा, आणि मालकीचा कागद म्हणजे टायटल हाच कळीचा मुद्दा. किट घेतलीस तर उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र आणि इंजिन-गिअरबॉक्सची बिलं लागतात. कॅलिफोर्नियात धुराच्या नियमात सूट मिळून नोंदल्या जाणाऱ्या घरगुती गाड्यांवर वर्षाला ५०० ची मर्यादा आहे. कोणत्या राज्यात राहणार ते कळल्याशिवाय तिथलं काहीच ठरवू नकोस. आणि इथलेही नियम बदलत असतात. गव्ह.यूके वर ताजा फॉर्म बघूनच भर, कुणाच्या जुन्या सल्ल्यावर, माझ्यासुद्धा, विसंबू नकोस.

शेवटी त्या मारुतीचं, कारण ते तू विचारलंच नाहीस. गाडी कापलीस, पण तिची एमएच-१९ ची आरसी अजून मामांच्या नावावर जिवंत असणार. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, कलम ५५ प्रमाणे. आता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा कागदही लागू शकतो, म्हणून उरलेली बॉडी भंगारात घालण्याआधी आरटीओत काय हवं ते विचारून ये. तू विमानात बसण्याआधी ती आरसी रद्द करून घे, म्हणजे उद्या तो नंबर कुणी दुसऱ्याच गाडीला लावला तर मामांच्या दारात पोलिस येणार नाहीत.