हिरवे चौकोन मोजू नका

प्रश्न : मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण उत्तम. एका मुलाखतीत 'फावल्या वेळात कोडिंग करतेस का?' असं विचारलं, तर ती म्हणाली, 'नाही, चित्रं काढते.' निवड झाली नाही. आता मी तिला रोज रात्री दोन तास कोडिंगला बसवतो, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे, कोणत्या दिवशी काम नोंदवलं ते दाखवणारे हिरवे चौकोन तपासतो. 'तुझ्यात पॅशनच नाही,' असं स्पष्ट सांगूनही पाहिलं. तिनं क्षेत्र बदलावं, की पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी? – एक वडील

उत्तर : मुलाखतीपेक्षा मला तुमचे ते रात्रीचे दोन तास जास्त खटकले. नकार चित्रांमुळेच आला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कंपन्या कारण क्वचितच कळवतात. तुम्ही मात्र एका नकारावरून मुलीच्या स्वभावावरच शिक्का मारलात, आणि तोही तिच्या तोंडावर. ते वाक्य पुन्हा उच्चारू नका. झालं त्याबद्दल तिची माफी मागितलीत तर फार बरं.

आता ते चौकोन. एका फाईलमधला एक स्वल्पविराम बदलून कमिट केला, म्हणजे तो बदल नोंदवला, तरी चौकोन हिरवा होतो. आठवडाभर झटून सोडवलेली अडचण एकाच कमिटमध्ये गेली, तर तिचाही एकच चौकोन. दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या फोर्कमध्ये, म्हणजे आपल्याकडे घेतलेल्या प्रतीत, केलेले कमिट त्यात धरतच नाहीत. खासगी रिपॉझिटरीतलं, म्हणजे कोडच्या खासगी साठ्यातलं, काम आपण सेटिंग बदलल्याशिवाय इतरांना दिसत नाही, आणि नोकरदार प्रोग्रामरचं बहुतेक काम तिथंच असतं. म्हणजे अनेक निष्णात लोकांचं गिटहबवरचं पान जवळपास कोरं दिसतं. त्या पानावरून तुम्हाला मुलीची आवड कशी कळणार?

नोकरीसाठी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांनी १९९८मध्ये एकत्र तपासलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणं, या पद्धती त्यात वरच्या ठरल्या. फावल्या वेळाचा प्रश्न काही ठिकाणी विचारतात, हे खरं. मला तो अन्यायकारक वाटतो. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या मुलानं त्यावर काय सांगावं?

आवड तयार सापडते असं मानणाऱ्यांचा उत्साह विषय अवघड होताच जास्त ओसरतो, असं ओ'कीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांना २०१८च्या अभ्यासात आढळलं. 'पॅशनच नाही' म्हणून तुम्ही तिच्या मनात हाच समज रुजवताय. हात बसला की गोडी वाढते, पण कुणी पाळतीवर असताना नाही.

प्रवेश परीक्षा तिला पुढे शिकायचं असेल तरच. मुलाखतीसाठी तिनं कॉलेजच्या प्रकल्पातला स्वतः लिहिलेला भाग निवडावा. कुठे अडली, बग, म्हणजे कोडमधली चूक, कशी शोधली, आज वेगळं काय करेल, हे पाच मिनिटांत मोकळेपणानं सांगता आलं पाहिजे. चित्रांबद्दल विचारलं, तर तेही खरं सांगावं.

क्षेत्र बदलण्याबद्दल मी उत्तर देणार नाही. तिला स्वतःला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिची इच्छा असेल, तर तिनं मला लिहावं. ते पत्र पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.