खडा पडताना पाहिलात का?

प्रश्न : वय ३४. जालन्यात माझे वेल्डिंगचे दुकान आहे. तीन आठवड्यांपूर्वी मध्यरात्री उजव्या कुशीत अशी कळ आली की फरशीवर लोळलो. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ६ मिमीचा मुतखडा निघाला. डॉक्टरांनी गोळ्या देऊन दोन आठवड्यांनी बोलावले होते. शेजाऱ्यांनी पानफुटीची पाने दिली, चौथ्या दिवशी दुखणे थांबले, म्हणून परत गेलो नाही. आईने दूध आणि टोमॅटो बंद केलेत. खडा गेला असे समजू का? — एक वाचक

उत्तर : खडा पडताना पाहिलात का? पत्रात सगळे लिहिलेत, तेवढे राहिले.

कळ येते ती मुख्यतः लघवी तुंबून मूत्रपिंडावर ताण आल्याने. खडा तिथेच अडकलेला असतानाही ती थांबू शकते. माझ्याकडे एक शिक्षक असेच 'बरे' होऊन आठ महिन्यांनी आले. खडा जागेवरच होता, मूत्रपिंड मात्र निम्म्याहून जास्त गेले होते. तेव्हा याच आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी करा. ६ मिमीचा खडा आपोआप पडण्याची शक्यता साधारण निम्मी असते, त्यामुळे तुमचा पडलाही असेल. श्रेय पानफुटीला द्यायचे तर द्या, माझी हरकत नाही. पण पडला नसेल तर महिना-दीड महिन्यापलीकडे वाट पाहू नये. दुर्बिणीने तो काढता येतो, पोट फाडावे लागत नाही. आणि मध्येच थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

तोवर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करा. खडा सापडला तर काडेपेटीत घालून आणा, तपासला की तो कशाचा ते कळते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. म्हणून तर लोक दूध सोडतात, आणि तिथेच चुकतात. जेवणातले कॅल्शियम पालकासारख्या पदार्थांतले ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवते. ते कमी पडले की ऑक्झलेट रक्तात आणि मग लघवीत उतरते. आईंना सांगा, दूध-दही चालू करा. टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. हात आखडायचा तो मिठाच्या बाबतीत : लोणचे, पापड, खारे शेंगदाणे. मीठ जास्त झाले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते.

राहिले पाणी. दुकानात मुतारी नाही म्हणून तुम्ही दिवसभर घोट-घोटच पिता की काय? पत्र्याखाली, वेल्डिंगच्या धगीत बसणारे बरेच जण मला हेच सांगतात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. तुमच्या घामाच्या हिशेबाने त्यासाठी उन्हाळ्यात चार लिटर पाणीही कमी पडेल. लिंबूपाणी उत्तम, मीठ न घालता. शेजारच्या दुकानदाराशी मुतारीचे तेवढे बोलून घ्या.