नाव पाकिटावर नको, पत्रात हवं

जागल्यांच्या, म्हणजे भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाबद्दल तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र देतोय.

२०१४ चा जागल्या संरक्षण कायदा माझ्या कामी येईल का?

नाही. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, पण कायदा अमलात आलेला नाही.

राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. कर्जवाटपात घोळ दिसतोय. निनावी पत्र टाकू का? सहकारी म्हणतात, नाव दिलं की संपलंच.

निनावी पत्राची दखलच घेतली जात नाही. असल्या ऐकीव गोष्टींपायी चांगल्या तक्रारी वाया जातात, याची मला चीड येते.

तुमच्यासाठी केंद्र सरकारचा २१ एप्रिल २००४ चा ठराव आहे: तक्रार नावानिशी करायची, पण नाव गुप्त ठेवलं जातं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'पीआयडीपीआय' म्हणतात. त्यामागची गोष्ट अशी. महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली होती. ते पत्र नावासकट खात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. म्हणून नाव पाकिटावर नको, असा मी इतका हट्ट धरतो.

तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांना, बंद पाकिटात. पाकिटावर 'पीआयडीपीआय' लिहा, स्वतःचं नाव-पत्ता नाही. टपाल खात्यानेही तो मागायचा नसतो. नाव-पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. मजकुरात 'माझ्या टेबलावरून गेलेलं प्रकरण' असं लिहू नका, तेवढ्यावरून शाखेत तुम्हाला ओळखतील. प्रत साहेबांना किंवा युनियनला धाडलीत की गुप्तता गेलीच. पोच येणार नाही. टाकण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा.

एक सल्लागार पैसे घेऊन 'गुप्त तक्रार' करून देतो म्हणतोय.

देऊ नका. पैसे जातात आणि नाव तिसऱ्या माणसाला कळतं.

मी जिल्हा परिषदेत आहे. मलाही हाच मार्ग?

नाही, राज्याचे कर्मचारी आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. दबावाखाली दिली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका. इतर गैरव्यवहार असेल तर आधी वकील गाठा.

मूळ फाईल घरी आणून ठेवू का? प्रकरण आठ महिन्यांपूर्वीचं आहे.

मुळीच नको, चोरीचा आळ तुमच्यावरच येईल. फाईल क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाची सही, हे आठवतंय तोवर आज रात्रीच वहीत उतरवा आणि ती वही घेऊन या आठवड्यातच वकिलाकडे जा. आठ महिने आधीच गेलेत.