मोबाइल नेटवर्कच्या एजवर एआय नेमकं करतं तरी काय?

तुम्ही विचारलंय की एजवर, म्हणजे टॉवरच्या जवळपासच्या सर्व्हरवर, एआय नेटवर्कचे रिसोर्सेस मॅनेज करतं असं सगळीकडे वाचायला मिळतं पण प्रत्यक्षात ते काय करतं, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट यावर घ्यावा का. मी रेडिओ ऑप्टिमायझेशनमध्ये काम करतो, तर ब्रोशरमधलं सोडून जे रोज समोर येतं तेच सांगतो.

रिसोर्स म्हणजे स्पेक्ट्रम, पॉवर, अँटेनाचे बीम आणि टॉवरच्या जवळपास ठेवलेल्या सर्व्हरचा सीपीयू आणि मेमरी. यातला स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी, रिसोर्स ब्लॉक नावाच्या छोट्या तुकड्यांच्या हिशोबात वाटला जातो. 5जी मध्ये 100 मेगाहर्ट्झचा कॅरिअर (फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा) 30 किलोहर्ट्झ स्पेसिंगवर (आतल्या छोट्या लहरींमधलं अंतर) चालवला की 273 ब्लॉक मिळतात आणि ते कुणाला किती द्यायचे हे दर अर्ध्या मिलिसेकंदाला नव्याने ठरतं. बऱ्याच जणांना वाटतं की एआय इथेच बसलंय, पण बहुतेक नेटवर्कमध्ये इथे अजूनही जुना प्रपोर्शनल फेअर शेड्युलरच, म्हणजे वाटपाचा एक साधा नियमच, असतो. प्रत्येक फोनला आत्ता मिळू शकणारा स्पीड भागिले त्याला आत्तापर्यंत मिळालेला सरासरी स्पीड, ज्याचा आकडा मोठा त्याचा नंबर आधी, संपलं. हे इतकं स्वस्तात आणि इतकं बरं चालतं की त्याला अर्ध्या मिलिसेकंदात हरवायला न्यूरल नेटवर्कला घाम फुटतो.

म्हणून एआयला जागा मिळते ती एक मजला वर. 2018 मध्ये ओ-रॅन अलायन्स ही मोबाइल कंपन्यांची संघटना सुरू झाली, त्यांच्या रचनेत रॅन इंटेलिजंट कंट्रोलर आहे (रॅन म्हणजे नेटवर्कचा टॉवर आणि रेडिओचा भाग), आम्ही नुसतं रिक म्हणतो. त्यातला नियर-रिअल-टाइम रिक 10 मिलिसेकंद ते 1 सेकंदातले निर्णय घेतो, तिथे चालणाऱ्या ॲपला एक्सॅप म्हणतात, आणि 1 सेकंदापेक्षा सावकाश चालणारं सगळं नॉन-रिअल-टाइम रिककडे. आणि हे एजवर का, तर फायबरमधून प्रकाशाला 1000 किलोमीटर जायला साधारण 5 मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन 10, म्हणजे डेटा सेंटर तेवढं लांब असेल तर तुमचा सगळा वेळ प्रवासातच गेला, मॉडेलने विचार कधी करायचा? त्यामुळे कुठलाही दावा वाचलात की आधी बघा निर्णयाला वेळ किती आहे, निम्मं मार्केटिंग तिथेच गळून पडतं.

जिथे खरंच फायदा दिसतो ते काम दिसायला अगदी रटाळ आहे, वीज वाचवणं. एका साइटवर कव्हरेजसाठी एक लो बँड (लांबवर पोहोचणारी कमी फ्रिक्वेन्सी) असतो आणि गर्दीसाठी वर दोन-तीन कॅरिअर, रात्री हे वरचे कॅरिअर रिकामे असले तरी वीज खातच राहतात. पूर्वी टाइमटेबल लावायचे, अमुक वाजता बंद, अमुक वाजता चालू. मॉडेल त्याऐवजी पुढच्या थोड्या वेळाचा ट्रॅफिक सांगतं आणि त्यावर कॅरिअर झोपवतात. आता यात मेख अशी की मॉडेल सरासरी एरर कमी करायला शिकवलं तर ते दोन्हीकडच्या चुका सारख्याच धरतं, पण नेटवर्कला त्या सारख्या नसतात, कॅरिअर उगाच चालू राहिला तर थोडी वीज गेली, पण बंद असताना गर्दी आली तर उरलेल्या बँडवर सगळे एकदम कोसळतात आणि कॅरिअर उठेपर्यंत व्हिडिओ फिरत बसतो, तक्रारी येतात त्या वेगळ्याच. म्हणून अंदाज मुद्दाम वरच्या बाजूला झुकलेला ठेवावा लागतो, आणि किती झुकवायचा हे मॉडेल नाही ठरवत, माणूस ठरवतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि पेपरमध्ये त्यावर जेमतेम एक ओळ असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲप्सची आपसातली भांडणं. वीज वाचवणारं ॲप फोन शेजारच्या सेलवर (म्हणजे शेजारच्या अँटेनाच्या हद्दीत) ढकलतं आणि स्वतःचा सेल झोपवायच्या तयारीला लागतं, तेवढ्यात लोड बॅलन्सिंगवालं ॲप बघतं की अरे शेजारी गर्दी झाली, ते फोन परत इकडे पाठवतं. फोन बिचारा दोन सेलमध्ये टेबल टेनिसच्या बॉलसारखा फिरतो, हँडओव्हरचे, म्हणजे सेल बदलण्याचे, आकडे चढतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही ॲप्स आपापल्या डॅशबोर्डवर हिरवी. दोन्ही मॉडेल आपापल्या जागी बरोबरच असतात, फक्त शेवटचा शब्द कुणाचा हे कुणी ठरवलेलं नसतं. ओ-रॅनच्या रचनेत यासाठी कॉन्फ्लिक्ट मिटिगेशन (भांडणं मिटवण्याची सोय) धरलंय, पण प्रत्यक्षात प्राधान्यक्रम तुम्हालाच बसून लावावा लागतो.

रीइन्फोर्समेंट लर्निंगचं, म्हणजे करून बघत, चुकांतून शिकणाऱ्या एआयचं, लोकांना फार आकर्षण, सिम्युलेटरमध्ये ते छान पळतंही, पण लाइव्ह नेटवर्कवर चुकत चुकत शिक म्हणता येत नाही, कारण त्याची प्रत्येक चूक म्हणजे कुणाचातरी तुटलेला कॉल. आणि हो, एआय स्वतःही त्याच एज सर्व्हरचा सीपीयू खातं हे विसरू नका, व्हर्च्युअल रॅन (म्हणजे रॅनचं काम साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने) असेल तर त्याच डब्यावर बेसबँडचं, म्हणजे रेडिओ सिग्नलचं, प्रोसेसिंगही चालू असतं आणि त्याला उशीर चालत नाही.

प्रोजेक्ट जरूर घ्या, पण ट्रॅफिकच्या अंदाजापासून सुरू करा. टेलिकॉम इटालियाने मिलान शहराचा डेटा खुला केलेला आहे, 1 नोव्हेंबर 2013 ते 1 जानेवारी 2014, शहराचे 10,000 चौकोन आणि दर 10 मिनिटांची ॲक्टिव्हिटी. एलएसटीएम वगैरे न्यूरल मॉडेल्सना हात लावायच्या आधी एक साधा बेसलाइन करा, मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराची तीच वेळ, एवढाच अंदाज. बरीच मॉडेल्स याच्यापुढे जेमतेम निघतात. मग नोव्हेंबरवर ट्रेन करा आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांवर टेस्ट करा, तिथे नाताळ आणि वर्षअखेर आहे, नेहमीचा पॅटर्न मोडतो. एकूण एरर किती आली यापेक्षा किती वेळा अंदाज कमी पडला ते वेगळं मोजा, आणि गाइडला आधी तोच आकडा दाखवा.