गाडीवरच्या मुलीला फोन कोण करतं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. लेक १७ वर्षांची, बारावी सायन्सला. तासगाव रस्त्यावरच्या गावातून रोज मोपेडने सांगलीला क्लासला येते. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, की एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने मेसेज करत चालली होती. आता मोबाईल काढून घेऊ का, की एखादं ॲप टाकू, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेत १८ वर्षं मुलींना आणि बायकांना दुचाकी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोबाईल काढून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि दोघी मिळून गेल्या आठवड्याचे कॉल बघा. क्लासला जायच्या-यायच्या वेळेत आलेले फोन मोजा. मैत्रिणींचे किती, तुमचे किती, तिच्या बाबांचे किती. तुम्हीच लिहिलंय, ‘काळजी वाटते म्हणून कुठे पोचलीस ते विचारायला दोन-तीनदा फोन करते.’ त्या ओळीपाशी मी थांबले.

अमेरिकेत १५ ते १८ वयाच्या मुलांना विचारून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडला गेला होता. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्या मुलांपैकी ५३ टक्के मुलं आई किंवा वडिलांशी बोलत होती. मुलांनी कारणही सांगितलं होतं: फोन उचलला नाही तर घरचे चिडतात. देश वेगळा, रस्ते वेगळे, पण हे वाक्य मी माझ्या मैदानावर कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकलंय. ‘मॅडम, नाही उचलला तर आई घाबरते.’

आणि मी स्वतः तीच आई होते. चार वर्षांपूर्वी माझा मुलगा १९ वर्षांचा होता. लायसन होतं, हेल्मेट होतं, गाडी मीच शिकवलेली. संध्याकाळी पाहुणे आले, येताना दूध आण म्हणून सांगायला मी फोन केला. त्याने उचलला नाही. मी लगेच पुन्हा लावला. पहिल्या वेळी त्याने बरोबर केलं होतं, फोन खिशात वाजू दिला होता. दुसऱ्यांदा मात्र त्याने डाव्या हाताने फोन बाहेर काढला. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. वर बघितलं तोवर ट्रॉली अंगावर आली होती. उजव्या हाताने ब्रेक दाबला, चाक घसरलं, तो पडला. कॉलर बोन मोडलं. मागून काही येत नव्हतं म्हणून तेवढ्यावर भागलं. दवाखान्यात मी रागावले, तेव्हा तो म्हणाला, ‘लगेच दुसऱ्यांदा केलास ना, मला वाटलं घरी काहीतरी झालं.’ मला फक्त एक लिटर दूध हवं होतं.

त्या पडण्यात मोपेडची एक गोष्ट आहे, ती तुमच्या लेकीला नक्की सांगा. ॲक्सिलरेटर उजव्या हाताला, म्हणून फोन नेहमी डाव्या हातात जातो. मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आणि दोन्ही चाकांना एकदम लागणारा जोड ब्रेक असेल तर तोही डावाच. म्हणजे फोन हातात आला की हातात उरतो फक्त पुढचा ब्रेक. वाळू, खडी किंवा सांडलेलं पाचट असलेल्या रस्त्यावर घाबरून एकटा पुढचा ब्रेक दाबला की गाडी लोळते. गाळप हंगाम सुरू झालाय, आपल्या भागात रस्त्यावर हे सगळंच असतं.

मैदानावर मी मुलींना एक खेळ करायला लावते. मेसेज वाचून ‘हो, येते’ लिहायला पाच सेकंद धरा. ताशी ४० च्या वेगाने पाच सेकंदांत गाडी साधारण ५५ मीटर जाते. मी चुन्याने दोन रेघा मारते आणि ते अंतर चालायला सांगते. ऐंशीच्या आसपास पावलं होतात. अर्ध्यात गेल्यावरच मुली मागे वळून बघतात. एवढं अंतर आपण डोळे मिटून गेलो, हे पायांना कळलं की माझ्या भाषणाची गरज उरत नाही.

‘मी टाइप नाही करत, व्हॉइस नोट पाठवते,’ असं ती म्हणेल. किंवा ‘इअरफोन आहेत.’ अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बरीच वर्षं तपासलंय: हात मोकळे असले तरी बोलण्यात गुंतलेल्या माणसाला समोरचं दिसत असूनही नोंदवलं जात नाही. सिग्नलला थांबल्यावर पटकन बघून घेतलं तर? तिथल्याच एएए फाउंडेशन या रस्ता-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत, बोलून फोनला सूचना देण्याचं काम संपल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला काही वेळा २७ सेकंद लागले. तेवढ्यात सिग्नल सुटून पुढचा चौक येतो.

आता एक कडू गोष्ट. ‘१६ ला लायसन मिळतं ना?’ असं तुम्ही ओघात विचारलंय. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचा. तुमच्या दारातली मोपेड ११० सीसीची आहे, तिला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. अपघातात दुसऱ्या कुणाला लागलं तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. लेक मार्चमध्ये १८ ची होतेय असं तुम्ही लिहिलंय. तोपर्यंत तिच्या हातात गाडी देऊ नका. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी एसटीचा पास मोफत आहे. क्लासची वेळ एसटीला जुळत नसेल तर बाबांनी सोडावं. गैरसोय होईल, माहीत आहे. तरीही.

हे चार-पाच महिने वाया जाणार नाहीत, कारण खरी सवय आता मोडायची आहे आणि ती तिघांची आहे. बाबा सोडायला जातात तेव्हा मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून बोलतात का? तसं असेल तर ती मागे बसून तेच शिकतेय, बहुधा सहा-सात वर्षांची असल्यापासून. आजपासून चावी लावायच्या आधी बाबांचा फोन डिकीत. खिशात नाही, पर्समध्ये नाही, डिकीत. गाडी थांबवून, उतरून, सीट उघडल्याशिवाय हाती लागणार नाही अशा जागी. ॲप टाकायचंच असेल तर वेगळं शोधू नका, बऱ्याच फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो. तो गाडीवर असताना फोन शांत ठेवतो.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. निघताना तिने ‘निघाले’ आणि पोचल्यावर ‘पोचले’ एवढंच कळवायचं, मध्ये तुम्ही फोन करायचा नाही. अर्ध्या तासाचा रस्ता असेल तर पाऊण तास कळ काढायची. पहिला आठवडा फार जड जातो, मी रडले होते. दुसरी, कधी फोन लागलाच आणि मागे हॉर्न किंवा वारा ऐकू आला, तर ‘कुठे आहेस’सुद्धा विचारू नका. ‘ठेवते’ म्हणा आणि ठेवा. आमच्या घरी लागोपाठ दुसरा फोन करायचा नाही असा नियमच आहे, आणि तो मुलाने माझ्यासाठी केलाय.

मार्चमध्ये लर्निंग काढलंत की लेकीला माझ्याकडे पाठवा. पहिल्या दिवशी तुम्ही दोघंही या. चुन्याच्या रेघा मारून ठेवते, ते ५५ मीटर आधी तुम्ही चालायचे आहेत.